ठेवण्यात आला आहे

शिरूरला बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली पासबुक घेऊन उभी असलेली माणसं आणि वर आम्ही पाच-सहाजण. सणसवाडीच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना माणसं लागतात आणि आजूबाजूच्या गावांतल्या माणसांना काम लागतं. त्या दोघांची गाठ घालून देणारी एक वेबसाइट आमचे साहेब चालवतात. साहेब वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. शिरूरचेच, पुण्यात इंजिनिअर होऊन, तिथे काही वर्षं नोकरी करून परत आलेले. मी तिथे फोन घेते. त्याआधी मी दौंडला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, दुकानांच्या उद्घाटनाची हँडबिलं टाइप करायची आणि तपासायची. नवऱ्याची बदली शिरूरला झाली, तेव्हा ते काम सुटलं.

आमची वेबसाइट अर्ज करणाऱ्यांना मेल पाठवते. अर्ज भरला की एक, कारखान्यानं अर्ज उघडून पाहिला की एक, निवड झाली की एक आणि नाही झाली तरी एक. हे मेल कुणी बसून पाठवत नाही, ते आपोआप जातात. वेबसाइट सुरू झाली तेव्हा मजकूर इंग्रजीत होता. पुढे कधीतरी तो एका भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून मराठीत काढला आणि तसाच बसवून टाकला. मी कामाला लागले त्याच्या आधीची ही गोष्ट. ते मेल मी कधी वाचले नव्हते. माझं काम फोनचं. "मॅडम, मेल आलाय, म्हंजी काय करायचं?" असे फोन रोज यायचे. मी कॉम्प्युटरवर नाव शोधून, निवड झाली की नाही ते सांगायचे. एवढे सगळे लोक हाच प्रश्न का विचारतात, असा विचार माझ्या मनात आला नव्हता.

उन्हाळा संपत आला होता. एका सोमवारी सकाळी मी नुकतीच खुर्चीत बसले होते, तेवढ्यात जिन्यावरून एक बाई आणि तिच्या मागून तिचे वडील, आप्पा, वर आले. बाई तिशीची असेल. वडिलांच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात फुगलेली रेक्झिनची बॅग. बाईच्या हातात प्लॅस्टिकची बादली होती आणि बादलीत कुकर, पोळपाट, गुंडाळलेली चादर. वर आल्यावर आप्पांनी बॅग भिंतीला टेकवून ठेवली आणि थोडा वेळ श्वास घेतला.

"सणसवाडीच्या गेटवरनं आलो, मॅडम," ते म्हणाले. "आमी वरवंडचे. हिला काम लागलंय तिथं. पर वाचमन म्हणतो यादीत नाव न्हाई. म्हणलं, जिथनं चिठ्ठी आली तिथंच जाऊन इचारावं."

बाईनं फोन माझ्यापुढे धरला. मेल उघडलेलाच होता. आपल्याच ऑफिसातून गेलेला तो मजकूर मी पहिल्यांदा नीट वाचला.

"आपण दर्शविलेल्या स्वारस्याबद्दल आम्ही उत्साहित आहोत. आपला अर्ज आमच्याकडे ठेवण्यात आला आहे. भविष्यातील संधींसाठी आपल्याशी संपर्क साधण्यात येईल. आपल्या पुढील प्रवासासाठी हार्दिक शुभेच्छा!"

मी तो दोनदा वाचला. हा नकाराचा मेल होता हे मला माहीत होतं, कारण कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे तसं लाल अक्षरात दिसत होतं. पण मेलमध्ये 'नाही' हा शब्द कुठेच नव्हता.

"यातून तुम्हाला काय कळलं?" मी विचारलं.

"ठेवण्यात आलाय लिवलंय की," ती म्हणाली. "कामावर ठिवलं, आसंच वाटलं. आन् खाली पर्वासाला शुभेच्छा दिल्यात. म्हंजी निघा म्हणत्यात."

आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काहीतरी दुरुस्त करीन आणि त्यांना परत गेटवर पाठवीन, अशा भरवशानं ते उभे होते. मी दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की निवड झालेली नाही. अर्ज आमच्याकडे ठेवलाय एवढाच त्याचा अर्थ. पुढे कधी जागा निघाली तर बघू, अशा अर्थाचं ते आहे.

खालून बँकेतल्या मशीनचा टोकन नंबर ऐकू येत होता.

"ही चिठ्ठी लिवली कुणी?" आप्पांनी विचारलं.

"कुणी नाही, आप्पा. ती आपोआप जाते."

"जात आसंल आपोआप. पर लिवली आसंलच की कुणीतरी."

बाई फोनकडे बघत वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायला लागली. ती दौंडच्या बाजारपेठेत एका साड्यांच्या दुकानात फॉल-पिकोचं काम करायची. सासरी परत जायचं नाही हे ठरल्यापासून तिथेच होती. शनिवारी तिनं काम सोडलं. मालकिणीनं तिची ओटी भरली, नारळ आणि खण दिला, पोरींनी तिच्याबरोबर फोटो काढले.

"नारळ दिला ओ मला त्यांनी," ती म्हणाली. "आता परत कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला ते दुकान माहीत होतं. आमच्या छापखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. मालकिणीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच टाइप केली होती. मी म्हटलं, मी फोन करून समजावून सांगते, त्या परत घेतील. ती नको म्हणाली. घेतील हे तिलाही माहीत होतं. तरी नको म्हणाली.

तेवढ्यात साहेब आले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते सरळ त्या दोघांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चूक आमची आहे. मेल नीट लिहिलेला नाही." मग त्यांनी कारखान्यातल्या माणसाला फोन लावला. जागा भरल्या होत्या. दोघांना गाडीनं वरवंडला सोडतो, असं त्यांनी सांगितलं. आप्पा लगेच उठले. बाई उठली नाही.

"मी न्हाई येत, आप्पा. सणसवाडीत मावसबहिणीच्या रूमवर ऱ्हाते. काम हुडकते."

"आगं, पर कुठं हुडकनार?"

"बघते की. निघालेच हाय तर."

आप्पांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. मला वाटलं ते आता चिडतील. पण त्यांनी वाकून बॅग उचलली आणि म्हणाले, "चल मग. ऊन व्हायच्या आत जाऊ." साहेबांनी त्यांना सणसवाडीला सोडायची व्यवस्था केली. जाताना मी तिचा नंबर घेतला. काही निघालं तर कळवीन, असं म्हणणार होते. पण तेवढ्यात मेलमधलं तेच वाक्य आठवलं आणि मी नुसतं म्हणाले, "पोचलात की फोन करा."

त्या दिवशी दुपारी साहेब माझ्या टेबलाशी आले. "ताई, तुम्ही छापखान्यात होतात ना? हे सगळे मेल तुम्ही परत लिहाल का?"

मी हो म्हटलं. सोपं काम वाटलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर नीट केलेला, त्यात हे चार ओळींचे मेल. संध्याकाळपर्यंत नकाराचा मेल लिहून आमच्या प्रोग्रॅमरला वाचायला दिला. तो न्हावऱ्याहून मोटरसायकलवर येणारा, कमी बोलणारा तरुण. पहिली ओळ होती, "आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की". त्यानं वाचलं आणि हसू दाबत म्हणाला, "मॅडम, कुणीतरी वारल्यासारखं वाटतंय." खरंच होतं ते. दशक्रियेच्या कार्डांवरची सवय हातात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी उलटं केलं. "तुम्हाला ही नोकरी मिळालेली नाही." एवढंच. हे साहेबांना आवडलं नाही. "दार लावून घेतल्यासारखं होतंय, ताई. माणूस पुन्हा अर्ज करायचा नाही." मी म्हटलं, निदान बादली घेऊन तरी यायचा नाही. आमचं थोडं वाजलंच. रागावून नाही, पण दोघांनाही आपलं सोडवेना. शेवटी त्यांनी तिसरा मजकूर स्वतः लिहून दिला. तो गोड होता. पण इतका गोड, की 'नाही' हा शब्द चौथ्या ओळीत जाऊन बसला होता. प्रोग्रॅमर म्हणाला, "साहेब, फोनवर नोटिफिकेशन येतं, त्यात पहिले सात-आठ शब्दच दिसतात. बरेचजण तेवढंच वाचतात." त्यावर 'नाही' वरच पाहिजे, हे साहेबांनीही मानलं.

त्याच आठवड्यात मी त्या बाईला फोन केला. खरं तर खुशाली विचारायला. ती मावसबहिणीच्या रूमवर राहत होती आणि एका मेसमध्ये चपात्या लाटायला जात होती. हात भाजला होता, पण ठीक होती. बोलता बोलता मी म्हटलं, "मी दोन मजकूर वाचून दाखवते, कसे वाटतात सांगाल का?" आधी माझा वाचला.

"ह्ये वाचून माणूस त्या दिवशी जेवायचा न्हाई," ती म्हणाली.

मग साहेबांचा वाचला.

"ह्ये ग्वाड हाय. पर शेवटपर्यंत धाकधूकच ऱ्हाती, हाय का न्हाई म्हणून." मग म्हणाली, "आन् का न्हाई घेतलं त्ये तर कुठंच न्हाई."

मी सांगितलं की कारखाने आम्हाला कारण कळवत नाहीत.

"मग तसंच लिवा की. तुमाला ठाव न्हाई म्हणून. न्हाईतर माणूस आपल्यातच खोट काढत बसतो. मी रोज काढतीय. शिक्षान कमी पडलं का, फोटू चांगला न्हवता का."

हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते लगेच तयार झाले नाहीत. कारखाने आमचे ग्राहक, त्यांच्यावर ढकलल्यासारखं दिसेल, असं त्यांना वाटत होतं. मीही आधी 'जागा कमी आणि अर्ज जास्त' असं लिहून सुटायचा विचार केला होता. पण ते दर वेळी खरं असेलच असं नाही. साहेबांनी दोन-तीन कारखान्यांत फोन करून बघितलं. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. एकजण तर म्हणाला, लिहा की, आम्ही खरंच नाही कळवत.

तिच्या सगळ्याच सूचना मी घेतल्या नाहीत. 'नाराज होऊ नका' असं लिहा, असा तिचा आग्रह होता. मी म्हटलं, समोरच्यानं नाराज व्हावं की नाही, हे आपण कोण सांगणार? तिला ते पटायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी तिनंच फोन करून सांगितलं, "नका लिवू त्ये. मला कुनी आसं म्हणलं की मला रागच येतो."

शेवटी जो मेल ठरला तो असा होता. विषयातच लिहिलं, 'या कामासाठी तुमची निवड झालेली नाही.' आणि खाली:

"नमस्कार. पॅकिंग विभागातल्या कामासाठी तुम्ही अर्ज केला होता. त्या कामासाठी तुमची निवड झालेली नाही. निवड कारखाना करतो, आणि कारण आम्हाला कळवलं जात नाही. यासाठी कारखान्यात किंवा आमच्या ऑफिसात येण्याची गरज नाही. सध्या एखादं काम चालू असेल, तर ते सोडू नका. दुसऱ्या कामासाठी अर्ज करायचा असल्यास खालचं बटण दाबा. काही विचारायचं असल्यास ऑफिसच्या वेळेत फोन करा. फोन माणूस उचलतो."

शेवटचं वाक्य साहेबांचं. मला ते आधी फाजील वाटलं होतं. पण पुढे कितीतरी लोकांनी फोन केल्यावर पहिल्यांदा तेच विचारलं, "माणूस बोलतोय ना?"

निवड झाल्याचा मेलही बदलला. कुठल्या गेटवर, कुठल्या दिवशी, कुणाला भेटायचं, कुठली कागदपत्रं आणायची. प्रोग्रॅमरनं त्यात एक ओळ सुचवली, 'पहिल्या दिवशी जेवणाचा डबा घरून आणा.' तो स्वतः एका कारखान्यात पहिल्या दिवशी उपाशी राहिला होता म्हणे. कामाला लागल्यापासून त्यानं स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट.

महिन्याभरात माझे फोन बदलले. 'म्हंजी काय' विचारणारे कमी झाले. काहीजण चिडून बोलायचे, पण नेमकं बोलायचे. कुणी म्हणायचं, कारण विचारून घ्या आणि सांगा. कवठे येमाईचे एक आबा आपल्या मुलाच्या वतीनं बोलले, "न्हाई म्हणला, त्ये बरं केलं. कांदं लावायला घरात माणूस कमीच हुतं. पंधरा दिवस झालं, नुसता फोनकडं बघत बसला हुता." मी ते साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आधी अशी किती माणसं बसून राहिली असतील?" ते मोजायची काही सोय नव्हती.

पावसाळा सरता सरता त्या बाईनं दुसऱ्या कारखान्यात अर्ज केला. मला सांगितलं नव्हतं. एके दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"आला मेल," ती म्हणाली.

मी कॉम्प्युटरवर नाव काढलं. लाल अक्षरं दिसली.

"लगीच कळलं," ती म्हणाली. "एका नजरेत."

"वाईट वाटलं का?"

"वाटलं की." मागे मेसमधल्या भांड्यांचा आवाज येत होता. "सगळी वाक्यं पाठ हायती मला. वाचताना तुमचाच आवाज ऐकू आला. म्हणून जरा जास्त वाटलं. दुसऱ्या कुनी न्हाई म्हणलं आसतं तर इतकं न्हवतं वाटलं."

मी म्हटलं, 'नाही' मी म्हटलेलं नाही, कारखान्यानं म्हटलंय. ती म्हणाली, "त्ये ठाव हाय मला." आणि चपात्या राहिल्यात म्हणून फोन ठेवला.

ते दोन-तीन दिवस मला बरे गेले नाहीत. मेल उघडून मी पुन्हा पुन्हा वाचला. कुठे एखादा शब्द बदलता येईल का, ते बघत होते. बदलण्यासारखं काही सापडलं नाही. वाक्यं नीट होती. काम मिळालं नव्हतं, त्याला वाक्य काय करणार? घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भेटून ये. पण मला लगेच जाववलं नाही.

तिला काम लागलं ते आमच्या वेबसाइटवरून नाही. शेजारच्या खोलीतली एक बाई हातमोजे आणि एप्रन शिवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये जायची. तिनं हिला बरोबर नेलं. मालकानं शिलाई बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून या म्हणाला. हे तिनं मला आठवड्यानंतर सांगितलं, आणि रविवारी जेवायला बोलावलं.

मी गेले. हायवेपासून आत, एका ओळीत दहा-बारा खोल्या, पुढे सामाईक नळ. मावसबहीण गावाला गेली होती. आप्पा आदल्या दिवशीच आले होते आणि दाराशी बसून शेंगा फोडत होते. मला बघून उठले. "या, या," म्हणाले, आणि चटईवर शेंगांचा ढीग माझ्याकडे सरकवला. तिनं मटण केलं होतं आणि बाजरीच्या भाकरी. मेसमध्ये राहून तिचा हात इतका झपाट्यानं चालायला लागला होता की बोलता बोलता भाकरीवर भाकरी पडत होती. आप्पा खूश होते, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "पगार बँकेत येतो हिचा. पीएफ बी कापत्यात म्हणं." हे त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं.

दौंडच्या दुकानाचा विषय मी काढला नाही. तिनंच काढला. मालकिणीचा फोन आला होता, दिवाळीच्या गर्दीत चार दिवस येशील का म्हणून. "जानार हाय सुट्टी काढून," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय मी मोठ्या कंपनीत हाय. वाटू दे."

जेवण झाल्यावर शेजारची बाई ओले कपडे खांद्यावर टाकून दाराशी आली. ती बिहारची, तिनंच हिला कामाला नेलं होतं. माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, "यही दीदी हैं, मेल वाली?" मग आत येऊन बसली. तिच्या नवऱ्यानंही आमच्याकडे अर्ज केला होता. मेल मराठीत आला. त्यांना वाचता येईना म्हणून खोल्याखोल्यांतून फिरून कुणाकडून तरी वाचून घेतला.

"हिंदी में क्यों नहीं भेजते, दीदी?"

मी म्हटलं, मला हिंदी बोलता येतं, पण चांगलं लिहिता येत नाही.

"तो हम बोलेंगे, आप लिख लेना," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

सोमवारी मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी प्रोग्रॅमरला बोलावलं. अर्ज भरतानाच भाषा निवडता यावी, असं करता येईल, तो म्हणाला, थोडे दिवस लागतील. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी त्या बिहारच्या बाईला फोन लावते. सध्या आम्ही दुसऱ्याच ओळीवर अडलो आहोत. निवडीसाठी मी 'चयन' लिहिलं होतं. ती म्हणते तो शाळेतला शब्द आहे, घरात कुणी असं बोलत नाही. 'काम नहीं मिला' असं लिहा म्हणते. मला ते फार उघडं वाटतं. मागच्या रविवारी तिनं आपल्या नवऱ्याला फोन दिला, तर त्याचं तिसरंच मत निघालं, आणि मग ती दोघंच एकमेकांशी बोलत राहिली. मी वही पुढ्यात घेऊन ऐकत बसले.